फायनल ठरल्या वेळेआधी उरकू नका : ज्युनिअर रग्बीच्या आयोजकांना एका आईचे खुले पत्र

प्रति,
राज्यात मुला-मुलींच्या रग्बी स्पर्धा भरवणारे सर्व पदाधिकारी, पंच आणि संघ व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मागणी एकच आहे, ती आधीच सांगून टाकते. पुढचं वाचायला सवड झाली नाही तरी हरकत नाही. जिल्ह्याच्या, विभागाच्या किंवा राज्याच्या ज्युनिअर संघांची फायनल ज्या दिवशी, ज्या वेळेला जाहीर करता, त्याच दिवशी, त्याच वेळेला घ्या. उशीर झाला तर चालेल, उशिराची आम्हाला सवय आहे. आधी उरकू नका.

मी आर्वी तालुक्यातली, वर्धा जिल्ह्यातली अंगणवाडी सेविका. घरी कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर. मुलगी सतरा वर्षांखालच्या गटात खेळते. आधी शाळेकडून खेळली, मग जिल्ह्याकडून, आता विभागाच्या संघात स्क्रम हाफ आहे, म्हणजे घोळक्यातून चेंडू काढून बाकीच्यांकडे देणारी. तुमच्यापैकी कुणाशी माझं भांडण नाही. ज्या प्रकारामुळे हे लिहायला बसले तो कुठल्या शहरात आणि कुणाच्या हातून झाला ते मुद्दाम लिहीत नाही, कारण इतर जिल्ह्यांतल्या पालकांशी बोलले तेव्हा कळलं की हे एकाच ठिकाणी होतं असं नाही. ज्याला लागू असेल त्याने आपलं समजावं.

रग्बी आमच्या गावात कशी आली म्हणाल तर शाळेत बी.पी.एड. झालेले एक तरुण सर आले आणि त्यांच्या पिशवीत एक लांबट चेंडू होता. गाव कबड्डीचं. वाकून कमरेखाली धरायचं आणि पाडायचं हे मुलींना येतच होतं. हात खांद्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, एवढं सरांनी वरून घोकून घेतलं. शाळेचं मैदान मुरमाचं. मुरमावर टॅकलचा सराव केला की कोपर, गुडघे सोलून निघतात. म्हणून पऱ्हाटी उपटून झाली की पोरी आमच्या वावरात यायला लागल्या. नांगरटीच्या ढेकळांवर पाय मुरगळतो, तर हिच्या बाबांनी दोनदा वखर फिरवून तेवढा तुकडा सारखा करून दिला. काळी माती भुसभुशीत, पडलं तरी लागत नाही. कपडे मात्र माझ्याच हातून धुऊन निघायचे.

आजी, म्हणजे माझ्या सासूबाई, धुऱ्यावर बसून पाहायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ह्या पोट्ट्या बॉल मागंच काहून फेकून राह्यल्या वं?"

"पुढं फेकला त फाऊल होते, आजी. हातानं मागंच द्या लागते."

"मंग पुढं कशा जाता?"

"पळून."

आजीला हा खेळ काही दिवस पटला नाही. आता चेंडू हातातून पुढे सांडला की सरांच्या शिट्टीआधी "नॉक-ऑन" म्हणून ओरडतात. मैदानावर सोबत न्यावं असं फार वाटतं, पण गुडघे त्यांना एसटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. गावातले बरेच पालक सुरुवातीला प्रमाणपत्राकडे बघून तयार झाले. दहावी-बारावीला क्रीडा गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. ज्यांच्या घरी नोकरीचं दुसरं दारच नाही त्यांनी तो हिशेब केला तर त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण प्रमाणपत्र मुलीबरोबर आपोआप घरी येतं. त्यासाठी कुणी रात्रभर जनरल डब्यात उभं राहून मैदानावर येत नाही. येतो तो सामना बघायला.

आता सामना किती वेळाचा असतो ते बघा. तुम्हाला हे पाठ आहे, पण पत्र खुलं असल्यामुळे इतरांसाठी लिहिते. रग्बी युनियनचा पूर्ण सामना 15 जणांचा. मोठ्यांचा 80 मिनिटं चालतो, 19 वर्षांखालच्यांचा 70 मिनिटं. आपल्याकडे शाळेच्या वयाची मुलं खेळतात तो बहुतेक वेळा सात जणांचा प्रकार, म्हणजे सेव्हन्स. स्कॉटलंडमधल्या मेलरोझ गावात 1883 साली क्लबासाठी पैसे उभे करायचे म्हणून नेड हेग नावाच्या एका खाटकाने तो काढला, आणि 2016 पासून तो ऑलिंपिकमध्येही आहे. सात मिनिटं खेळ, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा सात मिनिटं. म्हणजे सगळं मिळून सोळा मिनिटं.

क्रिकेटचा सामना तासभर आधी सुरू केला तरी उशिरा आलेल्याला बघायला भरपूर उरतं. सेव्हन्सची फायनल वीस मिनिटं आधी सुरू केली तर उशिरा येणारा, म्हणजे खरं तर वेळेवर येणारा, रिकामं मैदान बघतो.

आम्ही येतो कसे ते ऐका. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून आमच्या भागातल्या घरांनी सरळ हिशेब केला, मुलीच्या सामन्याला आई जाईल, बाप शेत बघेल. म्हणून मैदानाच्या कडेला विदर्भाकडच्या बायाच जास्त दिसतात. गावातून आर्वी, आर्वीहून पुलगाव एसटीने. (या वाटेवर पूर्वी नॅरोगेजची शकुंतला धावायची. आमच्या लेकरांनी तिचे रूळ तेवढे पाहिले.) पुलगावला गोंदियाहून येणारी महाराष्ट्र एक्सप्रेस. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. स्पर्धेची तारीख जर आठ दिवस आधी कळत असेल तर आम्हाला आरक्षणाचा डबा बाहेरूनच बघायचा. शिदोरीत भाकरी, जवसाची चटणी, मुलींसाठी शेंगदाण्याचे लाडू. दाराजवळ पोतं अंथरायचं आणि त्यावर आळीपाळीने टेकायचं.

गडचिरोलीकडचे पालक याहून लांबून येतात. सिरोंच्याहून नागपूरच तीनशे किलोमीटरच्या वर आहे, आणि नागपूरला पोचल्यावर त्यांचा खरा प्रवास सुरू होतो.

पैशांपेक्षा अवघड गोष्ट म्हणजे दिवस मोकळा करणं. मला रजेचा अर्ज पर्यवेक्षिकाबाईंकडे आधी द्यावा लागतो, त्या दिवसाचा पोरांचा आहार मदतनीसबाईंच्या गळ्यात टाकावा लागतो. शाळेच्या स्पर्धांचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो. जिल्हा पार पडेपर्यंत सोयाबीन सोंगायला येतं, विभाग आणि राज्य येईपर्यंत सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) होऊन कापसाची वेचणी लागलेली असते. वेचणीला बाया मिळत नाहीत, घरचीच बाई गाडीत बसून गेली तर बोंडं झाडावर लोंबतात आणि एक अवकाळी सर आली की भाव पडतो. सुट्टीत घ्या म्हणावं तर उन्हाळ्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 च्या वर जातो, त्या उन्हात लेकरांना पळवू नये. जानेवारीनंतर दहावी-बारावीच्या परीक्षा. सोयीची तारीख अशी वर्षात सापडतच नाही, आणि आमच्या वेचणीसाठी राज्याचं वेळापत्रक हलवा असं मी म्हणतही नाही. गैरसोयीची तारीख द्या, पण ती पक्की द्या. तिच्याभोवती आम्ही आमची कामं लावून घेऊ.

आता त्या दिवसाचं.

पत्रकावर फायनलची वेळ दुपारी तीन छापली होती. व्हॉट्सअॅप ग्रुपवरही तीनच. आम्ही सकाळी स्टेशनवर उतरलो, तिथेच नळावर तोंडं धुतली, सिटीबसचे नंबर विचारत विचारत एकच्या सुमारास मैदानावर पोचलो. दोन तास हाताशी होते, म्हणून वाटेत पोरींसाठी केळीही घेतली. आत शिरलो तर मंडपवाले खांब उपटत होते. खुर्च्या एकात एक रचून टेम्पोत चढत होत्या. आमच्या पोरी गळ्यात पदकं घालून पाण्याच्या टाकीजवळ बसल्या होत्या.

बक्षीस द्यायला येणाऱ्या पाहुण्यांना दुपारी दुसरा कार्यक्रम होता. म्हणून फायनल साडेअकरालाच घेतली.

12-10. आम्ही जिंकलो होतो. दोन्हीकडून दोन-दोन ट्राय (गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवला की एक ट्राय, त्याचे पाच गुण), म्हणजे दहा-दहा. आमच्या एका ट्रायनंतरची कन्व्हर्जन, म्हणजे गोलाच्या खांबांमधून मारायची किक, आत गेली आणि दोन गुण वाढले. सेव्हन्समध्ये कन्व्हर्जन ड्रॉप किकनेच मारावी लागते, चेंडू हातातून सोडायचा, जमिनीवर टेकून उसळला की मारायचा. ती किक माझ्या मुलीने मारली. वावरात दोन बांबू रोवून, वर आडवी दोरी बांधून ती हीच किक मारत असायची. मी ती किक नंतर कुणाच्या तरी मोबाईलवर बघितली. त्या व्हिडिओत निम्मा वेळ पाहुण्यांची पाठ आहे.

माझं सोडा. आमच्या गाडीत गडचिरोलीकडचे एक काकाजी होते. मराठी जेमतेम, बोलणं माडियात. त्यांची मुलगी विंगला, म्हणजे अगदी कडेला, खेळते आणि दुसरा ट्राय तिचा होता. सामन्याचं शूटिंग करायचं म्हणून त्यांनी पुतण्याचा मोठा मोबाईल मागून आणला होता, आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सबंध रात्र छातीशी धरून ठेवला होता. मैदान रिकामं बघून ते काही बोलले नाहीत. मग मुलीला त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणाले. ती उठली, पायात चपला, गळ्यात पदक, हातात चेंडूऐवजी पाण्याची बाटली, आणि मधल्या रेषेपासून कडेकडेने पळत गेली. एका जागी थांबून आत वळली, तिथे तिने कुणाला तरी चकवलं असणार, मग पुन्हा सुटली आणि गोलरेषेपलीकडे जाऊन बाटली जमिनीवर टेकवली. काकाजींनी सगळं शूट केलं. मंडपवाल्यांनी तेवढा वेळ हातातले खांब खाली ठेवले होते.

आमच्यातल्या एका बाईने त्या दिवशी आयोजकांपैकी एका सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, मुली जिंकल्या ना? मग झालं तर." रागाने बोलले नाहीत, खरंच तसं वाटत होतं त्यांना. हे उत्तर मला पाहुण्यांच्या घाईपेक्षा जास्त लागलं.

तुम्ही म्हणाल, पालकांचं मन राखायला स्पर्धा भरवत नाही. बरोबर आहे. तर मग पालक बाजूला ठेवा आणि खेळाडूंचं बघा. त्या दिवशी सेमीफायनल सव्वादहाच्या आसपास संपली. फायनल तीनला आहे म्हणून पोरींनी सेमीनंतर जेवून घेतलं. तासाभरात मैदानावर बोलावलं. पोटात वरणभात घेऊन सात मिनिटं जीव तोडून पळायचं. विश्रांतीच्या दोन मिनिटांत आमच्या दोघी कडेला जाऊन ओकल्या, समोरच्या संघाचीही तीच गत. पाच मिनिटांत दम काढणारा हा खेळ आहे आणि सेव्हन्सच्या स्पर्धेत एकेका संघाला दिवसात अनेकदा उतरावं लागतं. सेमी आणि फायनल यांच्यामधला वेळ हा खेळाचाच भाग असतो. पाहुण्यांची गाडी बघून तो वेळ कापला तर फायनल कोणता संघ चांगला हे सांगत नाही, कुणी कमी जेवलं होतं एवढंच सांगते.

दुसरं, डोक्याचा मार. इथे जरा थांबते, कारण रग्बीचं नाव काढलं की नातेवाईक मला यावरूनच बोलतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. वर्ल्ड रग्बीचा नियम स्पष्ट आहे: डोक्याला मार लागून मेंदूला धक्का बसल्याचा नुसता संशय आला तरी त्या खेळाडूला बाहेर काढायचं, त्या सामन्यात पुन्हा घ्यायचं नाही. गावपातळीवरच्या, शाळेच्या, क्लबाच्या खेळाडूंसाठी त्यांचं मार्गदर्शन असं की साधारणपणे 21 दिवसांच्या आत पुन्हा सामन्यात उतरवू नये. हे सरांनी आम्हा आयांना मुद्दाम बसवून सांगितलं आहे. पण संशय येणार कसा? मूल बेशुद्ध पडलंच पाहिजे असं नसतं. उभं असतं, चालत असतं, नुसतं थोडं वेगळं वागतं.

एका विभागीय सामन्यात आमच्याच संघातल्या एका मुलीला पडताना गुडघा लागला, कानाच्या वर. उठली, हसली, "ठीक आहे मॅडम" म्हणाली. व्यवस्थापक मॅडम दुसऱ्या जिल्ह्यातल्या, दोन दिवसांपूर्वी तिला पहिल्यांदा भेटलेल्या. त्यांना काय कळणार? तिची आई कडेला होती. पोरगी पाणी प्यायला आली आणि विचारलं, "आई, आपण कोणासंग खेळून राह्यलो?" थोड्या वेळाने पुन्हा तेच. आईने पंचांना हात केला, "ही माही पोरगी अशी बोलत नाही. तिले बाहेर घ्या." घेतलं. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूला धक्का बसल्याचंच सांगितलं आणि आराम लिहून दिला. मुलगी आता बरी आहे, खेळते. ती आई त्या दिवशी मैदानावर पोचली होती, कारण तो सामना ठरल्या वेळेला झाला.

आम्हाला प्रेक्षक म्हणून मोजू नका असं मी म्हणते ते यासाठी. प्रातिनिधिक संघात मुलं वेगवेगळ्या तालुक्यांतून आलेली असतात, प्रशिक्षक नवे, व्यवस्थापक नवे, एकमेकींची नावंही नीट पाठ नसतात. त्या गर्दीत मुलाला जन्मापासून ओळखणारं माणूस एकच असतं, आणि ते महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये दाराजवळ पोत्यावर बसलेलं असतं.

बाकीच्या जगात हे कसं चालतं ते मी मोबाईलवर वाचत बसते, रात्री रेंज आली की. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याची ज्युनिअर रग्बीची राज्य अजिंक्यपद स्पर्धा जूनमध्ये राजाच्या वाढदिवसाची जोडून सुट्टी येते तेव्हा घेतात. म्हणजे लांबच्या गावातल्या शेतकऱ्यालाही वर्षभर आधी कळतं की आपल्याला कोणत्या दिवशी निघायचं आहे. दक्षिण आफ्रिकेत 1964 पासून क्रेव्हन वीक भरतो, प्रांतांच्या शालेय संघांचा. तोही जुलैच्या आसपास, शाळांच्या हिवाळी सुट्टीत. त्याची आणखी एक गंमत मला फार आवडली: तिथे नियमाप्रमाणे विजेता ठरवतच नाहीत. आठवडाभर सगळे खेळतात आणि ज्या दोन संघांचा खेळ चांगला झाला त्यांचा शेवटी मुख्य सामना लावतात. लोक त्याला फायनल म्हणतात तो भाग वेगळा. न्यूझीलंडच्या हॉक्स बे भागात रॉस शील्ड नावाची प्राथमिक शाळांच्या मुलांची स्पर्धा 1902 पासून आहे. बाहेरगावची मुलं तिथे यजमान गावातल्या घरांमध्ये उतरतात, त्याच घरी जेवतात.

त्यांच्याकडे पैसा आहे, गाड्या आहेत, हिरवळ आहे, मान्य. पण तारीख ठरवायला हिरवळ लागत नाही.

आणि लांबच्या, गरीब घरच्या पोरांच्या मागे नीट उभं राहिलं तर काय होतं ते आपल्याच देशात दिसलं आहे. ओडिशातल्या भुवनेश्वरच्या कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या आदिवासी मुलांनी 2007 साली लंडनला जाऊन 14 वर्षांखालची आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकली. त्याच संस्थेत शिकलेल्या सुमित्रा नायकने 2019 साली मनिलात सिंगापूरविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मारली आणि भारताच्या मुलींनी 15 जणींच्या खेळातला आपला पहिला आंतरराष्ट्रीय विजय 21-19 असा मिळवला. माझ्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर हा स्कोअर लिहिलेला आहे. गडचिरोलीच्या त्या विंगला मी पळताना पाहिलं आहे, बाटली घेऊन का होईना. ओडिशाला जमलं ते इकडे जमणार नाही असं मला वाटत नाही.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं समजू नका. संघटनेकडे पैसा नसतो, मैदान भाड्याचं असतं, ऐनवेळी तिथे पोलीस भरती लागते नाहीतर कुणाची सभा. पंच पदरमोड करून येतात. आदल्या दिवशी पाऊस पडला की अख्खं वेळापत्रक कोलमडतं. सकाळचे सामने भराभर संपले आणि सगळे मोकळे बसले की आयोजकाला वाटणारच, घेऊन टाकू फायनल, पोरं लवकर घरी जातील. पण त्या पोरांच्या परतीच्या गाड्या रात्रीच्याच असतात हो. लवकर मोकळी झालेली पोरं स्टेशनवर जाऊन बसतात, घरी काही लवकर पोचत नाहीत.

पुढे ढकला. पावसाने ढकला, मैदानाने ढकला, दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या. आम्ही फलाटावर एक रात्र काढू, यापूर्वीही काढली आहे. मैदान बदललं तर नवा पत्ता ग्रुपवर टाका, शोधत येऊ. मोकळा वेळ उरलाच तर तिसऱ्या क्रमांकाचा सामना घ्या, पंचांना आयांची शाळा घ्यायला सांगा. आमच्यातल्या निम्म्या जणींना रकमध्ये, म्हणजे खाली पडलेल्या चेंडूवरच्या रेटारेटीत, नेमकी शिट्टी कशाला वाजते ते अजून कळलेलं नाही आणि त्या प्रत्येक शिट्टीला पंचांवर ओरडतात. (मीसुद्धा.) तेवढ्या वेळात समजावून सांगितलं तर तुमच्या पंचांचेच कान वाचतील.

आणि एखाद्या वर्षी फायनल इकडे द्या. ही दुसरी मागणी समजू नका, आमंत्रण समजा. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. त्यांचं पथक 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी हुतूतूसारखे आपले खेळ दाखवून आलं. रणजी करंडक विदर्भाने तीनदा आणला. खेळाची माणसं इकडे आहेत. रग्बीला मऊ जमीन लागते, ती तर आमच्याकडे मैलोगणती पडली आहे, वखर फिरवायला हिच्या बाबांना सांगते. राहण्याची सोय घरोघरी करू. कोल्हापूरच्या, साताऱ्याच्या लेकरांना तिखट आमच्याएवढं चालेल का हे मात्र आधी विचारून घ्यावं लागेल.

पुढच्या हंगामाचं पत्रक निघेल तेव्हा फायनलच्या तारखेपुढे वेळ लिहा आणि वेळेपुढे "याआधी नाही" एवढं छापा. पत्रक 60 दिवस आधी आलं तर तिकीट काढता येईल. तेवढं जमत नसेल तर महिनाभर आधी तरी, म्हणजे माझा रजेचा अर्ज वेळेत जाईल. आणि ते मराठीत काढा. गेल्या वेळचं इंग्रजी पत्रक गावात सगळ्यांना सरांकडूनच वाचून घ्यावं लागलं होतं.

आपली,
एका स्क्रम हाफची आई
ता. आर्वी, जि. वर्धा

ता. क. पाहुण्यांना फारच घाई असेल तर बक्षीस समारंभ फायनलच्या आधी उरकून घ्या. हार, नारळ, भाषण, फोटो, सगळं. आमची काही हरकत नाही. पदकं सामना झाल्यावर सर देतील.